साठीशांतीची सायकल

या सदराकडे जीं पत्रें येतात त्यांत दागिने, दुखणीं, मुलांचीं शिक्षणें आणि घरांच्या वाटण्या हे विषय नेहमींचेच. गेल्या कांहीं वर्षांत मात्र त्यांत सायकलीची भर पडली आहे, आणि ती मुलांच्या सायकलीची नव्हे. ज्यांचें कॉलेज सायकलीवर झालें, नोकरीचीं पहिलीं वर्षें सायकलीवर गेलीं, आणि स्कूटर व मोटार घरांत आल्यावर ज्यांनीं ती माळ्यावर टाकिली, असे पन्नाशी-साठी उलटलेले गृहस्थ आतां पुन्हा सायकल घेऊं म्हणतात. ज्या पुण्याला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत, तेथें असें घडावें यांत नवल नाहीं. नवल एवढेंच कीं, जी वस्तु आपणांस पुरती ठाऊक आहे असें या पिढीस वाटतें, ती दरम्यान इतकी बदलली आहे कीं, दुकानांत शिरल्यावर यांच्यापेक्षां घरांतला बारा वर्षांचा नातूच अधिक जाणता ठरतो.

कोथरूडच्या एका सूनबाईंचें पत्र सध्यां आमच्यासमोर आहे. त्यांच्या मामंजींची साठीशांत येत्या मार्गशीर्षांत आहे. घरांत थोरलीं-धाकटीं मिळून नऊ माणसें. मामंजी सरकारी नोकरींतून ५८ व्या वर्षीं निवृत्त झाले. गेल्या वर्षीं रक्तांत साखर निघाली. डॉक्टरांनीं व्यायाम सांगितला. सकाळचें फिरणें त्यांस कंटाळवाणें वाटतें. एके दिवशीं माळ्यावरची जुनी डबलबार सायकल खालीं काढून ती पुसत बसलेले ते घरच्यांस दिसले. तेवढ्यावरून थोरल्या मुलानें, म्हणजे पत्रलेखिकेच्या यजमानांनीं, साठीशांतीच्या दिवशीं बाबांना अवचित भेट म्हणून कार्बनची शर्यतीची सायकल परस्पर मागविण्याचा बेत केला आहे. किंमत दीड लाखांच्या वर. सासूबाईंच्या कानीं हें गेलें तेव्हां दोन दिवस त्या कोणाशीं धड बोलल्या नाहींत. कारण त्यांचे धाकटे बंधु सहा वर्षांपूर्वीं दुचाकीच्या अपघातांत गेले. मामंजींना यांतलें कांहींच माहीत नाहीं. घ्यावी कीं न घ्यावी, आणि घ्यायचीच झाली तर कोणती, असा सूनबाईंचा प्रश्न आहे. मामंजींच्या बोलण्यांत खडकवासला आणि सिंहगड हीं नांवें वरचेवर येतात, असेंही त्या लिहितात.

आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. सायकल अवश्य घ्यावी. परंतु ती अवचित भेट म्हणून घेऊं नये, शर्यतीची घेऊं नये, आणि मामंजींना दुकानांत नेल्यावांचून तर मुळींच घेऊं नये. चष्मा कोणी कोणास न विचारतां भेट देत नाहीं. रोड बाईक म्हणून जिला आज म्हणतात, ती वांकड्या हँडलची हलकी सायकल चष्म्याच्याच जातीची आहे. ती अंगास बसली तर मनुष्य तिला विसरून जातो. न बसली तर दहा मिनिटांत मान, पाठ, तळहात आणि गुडघे आपापलें गाऱ्हाणें सुरू करितात. यांत पैशांच्या नुकसानीहून मोठी एक हानि आहे, आणि ती कोणी हिशेबांत धरीत नाहीं. पंचविशींतल्या मुलाची सायकल चुकली तर तो सायकलीला नांवें ठेवितो. साठींतल्या मनुष्याची सायकल चुकली तर तो स्वतःला नांवें ठेवितो. "आपलें वय झालें" असें मनाशीं म्हणून तो ती भिंतीला टेंकवितो, घरांतलीं माणसें मान डोलावतात, आणि जें दुखणें खोगीर दोन बोटें वर घेतल्यानें गेलें असतें, त्याच्या पायीं एक चांगला छंद कायमचा जातो.

मामंजींच्या मनांत जी सायकल आहे ती कशी होती हें आधीं आठवूं. जाड पोलादी नळ्यांची, वजनानें सुमारें वीस किलोची, अठ्ठावीस इंची चाकांची, सरळ बसून चालवावयाची. पुढें बहुधा ४४ दांत्यांचें चेनव्हील, मागें १८ दांत्यांचें फ्रीव्हील, आणि गिअर एकच. पॅडलच्या एका फेऱ्यास ती सुमारें साडेपांच मीटर पुढें जाई. तिच्यावर बसलेला मनुष्य ताठ, मान वर, आणि चौकांत थांबतांना खोगिरावर बसल्या बसल्या एक पाय जमिनीस टेंकलेला. ही शेवटची संवय क्षुल्लक वाटते. पण नव्या सायकलीवर पहिला घोटाळा येथेंच होतो.

रोड बाईकचें खोगीर पायाच्या लांबीप्रमाणें उंच ठेवावें लागतें, इतकें कीं बसल्या जागेवरून पाय जमिनीस नीट पोंचत नाहीं. थांबतांना ब्रेक दाबून खोगिरावरून पुढें सरकावें, दांड्याच्या दोन्ही बाजूंस पाय घेऊन उभें राहावें, आणि निघतांना पॅडलवर उभें राहून मग मागें बसावें, अशी तिची रीति आहे. ही कोणी न सांगितल्यामुळें पुन्हा सायकलीकडे वळलेला गृहस्थ पहिल्याच सिग्नलला घाबरतो, घरीं येऊन खोगीर खालीं घेतो, आणि महिन्याभरांत गुडघ्याच्या वाटीपुढें दुखूं लागतें. खोगीर खालीं असलें म्हणजे गुडघा दर फेऱ्याला नको तितका वांकतो व भार वाटीवर पडतो. उलट गुडघ्याच्या मागल्या बाजूस दुखत असेल, तर खोगीर फार उंच झालें असें समजावें. घरच्या घरीं अजमावण्याची युक्ति सोपी आहे. भिंतीस धरून सायकलीवर बसावें, टांच पॅडलवर ठेवून तें अगदीं खालीं आणावें. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पॅडलवर ठेवला कीं गुडघ्यास हवा तेवढाच बांक राहतो. गणितानें पाहावयाचें तर अनवाणी उभें राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी मोजावी व तिला ०.८८३ नें गुणावें; क्रँकच्या मध्यापासून खोगिराच्या माथ्यापर्यंत तेवढें अंतर असावें. फ्रान्समधील सिरील गिमार व अमेरिकेचे ग्रेग लेमाँड या नाणावलेल्या शर्यतपटूंच्या नांवानें हा आंकडा प्रसिद्ध आहे. जांघेची लांबी ८० सेंटिमीटर असेल तर खोगीर ७० सेंटिमीटर ६ मिलिमीटरांवर येतें. ही सुरुवात समजावी. पुढें अर्धा-एक सेंटिमीटर इकडे तिकडे ज्याचें त्यानें ठरवावें.

खोगीर वरखालीं करतां येतें, फ्रेम करतां येत नाहीं. म्हणून निवडीचा खरा प्रश्न फ्रेमचा. दुकानदार ५२, ५४, ५६ असे आंकडे सांगतात, परंतु एका कारखान्याचा ५४ दुसऱ्याच्या ५४ शीं जुळेलच असें नाहीं. त्याऐवजीं दोन मापें विचारावीं : क्रँकच्या मध्यापासून फ्रेमचें पुढचें तोंड किती उंच आहे हें एक, आणि किती पुढें आहे हें दुसरें. पहिल्यास स्टॅक व दुसऱ्यास रीच म्हणतात, आणि दोन्ही मिलिमीटरांत छापलेलीं असतात. शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक कमी ठेवितात, कारण वाऱ्याला तोंड देण्यासाठीं स्वार जितका वांकेल तितका बरा. लांबच्या दौडीसाठीं केलेल्या, म्हणजे एन्ड्युरन्स म्हणवणाऱ्या फ्रेमचें तोंड त्याच मापांत तीन-चार सेंटिमीटर वर असतें व किंचित् जवळही. कागदावर हा फरक नखाएवढा दिसतो. साठ वर्षांच्या मानेला तो चांगला समजतो. ज्याला खालीं वांकून हातांचीं बोटें पायाच्या नडगीच्या मध्यापलीकडे नेतां येत नाहींत, त्यानें शर्यतीच्या फ्रेमच्या वाटेस जाऊं नये. चिरंजिवांनीं मनांत धरलेली सायकल याच जातीची असल्यानें ती बाद.

मग वांकडें हँडल हवेंच कशाला, असें सासूबाई विचारतील, आणि तो प्रश्न योग्य आहे. मामंजींना नुसतें मंडईपर्यंत किंवा मित्राच्या घरीं जावयाचें असतें तर आम्हीं सरळ हँडलची साधी सायकलच सुचविली असती. परंतु दोन-दोन तास चालवावयाचें तर सरळ हँडलवर हात एकाच जागीं राहून मनगटें अवघडतात व करंगळीकडील बोटांना मुंग्या येतात. वांकड्या हँडलवर हात ठेवण्याच्या तीन जागा असतात, त्यांतील सर्वांत खालची कधीं न वापरली तरी चालते. आमच्या पाहण्यांतले बहुतेक वयस्क स्वार तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत, आणि त्यांचें कांहीं अडत नाहीं.

आतां गिअर. येथें थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाहीं. फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत, तूर द फ्रान्स, १९०३ सालीं सुरू झाली. ती सुरू करणारे आंरी देग्रांज यांचें मत असें होतें कीं, बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं आहेत, जवानांनीं स्नायूंच्या बळावर चढावें. या हट्टामुळें त्या शर्यतींत साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रास १९३७ पर्यंत मज्जाव होता. आज त्या शर्यतींतले विशीबाविशीचे वीरही डझन-डझन चकत्या मागें लावून डोंगर चढतात. तेव्हां पंचेचाळिशी उलटून पंधरा वर्षें झालेल्यानें सोपा गिअर मागण्यांत लाजण्याचें कारण काय? दुकानांत मात्र "एवढा हलका गिअर तुम्हांला कशाला, साहेब?" अशी खुशामत करणारे भेटतात. तिला भुलूं नये.

हिशेब पाहा. चढावर ताशीं ८ किलोमीटर वेगानें जाणारा मनुष्य मिनिटाला १३३ मीटर जातो. जुन्या सायकलीवर त्याला मिनिटास चोवीस-पंचवीस फेरे मारावे लागतील, म्हणजे प्रत्येक फेरा जणूं पायरीवरून गोणी उचलल्यासारखा. पुढें ३४ दांते व मागें २८ असतील तर फेरे सुमारें ५१ होतात. मागें ३४ असतील तर ६२. गति तीच, एकंदर श्रम तेच. परंतु प्रत्येक फेऱ्यांत गुडघ्यावर पडणारा भार पहिल्याच्या मानानें निम्म्याहून कमी. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटरांवर, सिंहगड सुमारें १३०० वर. त्या वाटेवरचीं शेवटचीं वळणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस अधिक सांगावयास नको. म्हणून पुढें ५० व ३४ अशा दोन चकत्या आणि मागें सर्वांत मोठी चकती ३२ किंवा ३४ दांत्यांची, याहून कमींत राजी होऊं नये. मागें चकत्या आठ आहेत कीं बारा, याला आमच्या मतें फारसें महत्त्व नाहीं. आठ-नऊ चकत्यांची साखळी स्वस्त मिळते, आणि गल्लींतल्या कारागिरालाही ती हाताळतां येते.

कार्बनविषयीं चिरंजिवांचा आग्रह आहे, म्हणून तेंही पाहूं. ॲल्युमिनियमची बरी रोड बाईक दहा-साडेदहा किलो भरते. दीड लाखाच्या पुढची कार्बनची दोनएक किलोंनीं हलकी. पण चढावर सायकल एकटी चढत नाहीं. मामंजींचें वजन ७२ धरलें, सायकल, पाण्याची बाटली, पंप वगैरे मिळून आणखी १३, तर एकूण ८५ किलो झाले. त्यांतून दोन वजा केले म्हणजे शेंकडा अडीच टक्केही वांचले नाहींत. तासाभराच्या चढांत दीड मिनिटाहून कमीच फरक पडावयाचा. ज्यांना त्या दीड मिनिटाची किंमत आहे त्यांनीं ती खुशाल द्यावी. शिवाय कार्बन पडझडींत आंतून तडकला तरी वरून कित्येकदां दिसत नाहीं, आणि नऊ माणसांच्या घरांत सायकलीवर दुसरी सायकल, झाडू, क्रिकेटची बॅट व वाळत घातलेली चादर पडतच असते. ॲल्युमिनियमची, आणि पुढचा चिमटा तेवढा कार्बनचा, ही मधली वाट बरी. तो चिमटा रस्त्याची थरथर हातांपर्यंत थोडी कमी येऊं देतो.

त्याहूनही थरथर कमी करितें तें टायर. पूर्वीं रोड बाईकचे टायर २३ मिलिमीटर रुंद व दगडासारखे घट्ट फुगविलेले असत. आतां शर्यतवाले स्वतःच २८ व त्याहूनही रुंद टायर वापरतात, कारण खडबडीत रस्त्यावर अति घट्ट टायर उडी मारीत चालतो व शक्ति वायां जाते. पुण्याचे रस्ते, त्यांवरील गतिरोधक, खणून पुन्हा बुजविलेले चर आणि गटारांचीं झांकणें ध्यानांत घेतां, ३२ मिलिमीटरचा टायर बसेल अशीच फ्रेम घ्यावी. मामंजींच्या वजनास अशा टायरमध्यें इंचास ५५ ते ६५ पौंड हवा पुरे. मडगार्ड बसविण्याची सोय फ्रेमवर आहे कीं नाहीं हेंही पाहून ठेवावें, नाहीं तर पावसाळ्यांत पाठीवर चिखलाची रांगोळी उमटते व धुणें वाढतें. एक गोष्ट मात्र सांगून ठेवितों : जुन्या डबलबारचा टायर या सायकलीस चालत नाहीं. बोलण्यांत दोन्ही अठ्ठावीस इंची. परंतु टायर जेथें रिमवर बसतो तेथें जुन्याचा व्यास ६३५ मिलिमीटर व नव्याचा ६२२. घरांत पडून असलेले टायर वापरूं, या हिशेबांत कोणीं राहूं नये.

ब्रेकबद्दल सासूबाईंनीं स्वतः दुकानांत येऊन विचारावें अशी आमची सूचना आहे. रिमवर दाबणारे ब्रेक कोरड्यांत चांगले; पावसांत त्यांचा पहिला क्षण रिमवरचें पाणी पुसण्यांत जातो, आणि तोच क्षण मोलाचा असतो. चकतीचे, म्हणजे डिस्क ब्रेक, ओल्यांतही लवकर लागतात. त्यांतही तारेचे व तेलाचे असे दोन प्रकार. तेलाच्या ब्रेकला बोटांचा जोर कमी लागतो, म्हणून ज्यांच्या हातांचे सांधे आंखडले आहेत त्यांनीं खर्च करून ते घ्यावेत. एरवीं तारेचे पुरेत. यापेक्षांही महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. आपल्याकडील जुन्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हातीं असे, स्कूटरलाही तसाच. बाहेरून येणाऱ्या कांहीं सायकलींत तो डाव्या हातीं असतो. चाळीस वर्षांची संवय ऐन वेळीं विचार करावयास थांबत नाहीं, आणि पुढचा ब्रेक चुकून करकचून लागला तर मनुष्य हँडलवरून पुढें जातो. दुकानांतच तपासावें व उलट असल्यास बदलून घ्यावें. हें काम तासाभराचें आहे.

सासूबाईंची भीति घरांतल्यांनीं हंसण्यावारी नेऊं नये. ज्या बाईनें सख्खा भाऊ रस्त्यावर घालविला, तिला "कांहीं होत नाहीं हो" असें म्हणणें हें उत्तर नव्हे. होऊं शकतें, म्हणूनच कांहीं अटी घरानें बसून ठरवाव्यात, आणि त्या ठरवितांना पहिला शब्द त्यांचा असावा. आम्हांला सुचतात त्या अशा. डोक्यावर हेल्मेट, आणि तें कपाळावर, मागें टाळूवर नव्हे. पाठीमागचा तांबडा दिवा दिवसाउजेडींही चालू. कानांत गाणीं घालावयाचीं नाहींत. निघतांना वाट सांगून जावयाची व परतण्याची वेळ ठरलेली. पहिले दोन महिने हमरस्त्यावर न जातां जवळपासच्या शांत रस्त्यांवर, सकाळीं उजाडल्यावर, गर्दीच्या आधीं. उभ्या मोटारींच्या अगदीं जवळून जाऊं नये. दार केव्हां उघडेल याचा नेम नसतो. एवढें झाल्यावरही त्यांची भीति पुरती जाईल असें नाहीं. पण मामंजी घरीं परतल्यावर "आलांत?" एवढें एकच त्या विचारतील, आणि मामंजींनीं रोज ठरल्या वेळीं आलें पाहिजे. ही अट पाळणें सर्वांत कठीण, कारण खडकवासल्याला गेल्यावर वेळेचें भान राहत नाहीं.

प्रकृतीसंबंधीं डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. हृदयाची तपासणी करून घेण्याची जरूर आहे काय, ही एक. दुसरी साखरेच्या औषधांची : इन्सुलिन व कांहीं प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामांत एकदम उतरूं शकते, म्हणून औषधाचें व खाण्याचें वेळापत्रक त्यांच्याच सांगण्यावरून बसवावें, आणि खिशांत ग्लुकोजच्या गोळ्या किंवा खडीसाखर असावी. पहिल्या आठवड्यांत वीस मिनिटें पुष्कळ झालीं. चालवितां चालवितां बरोबरच्याशीं पुरें वाक्य बोलतां येत असेल तर वेग बेताचा आहे असें समजावें. बूट पॅडलला अडकविण्याची जी तऱ्हा आहे ती सध्यां दूरच ठेवावी. थांबतांना पाय वेळेवर सुटत नाहीं आणि मनुष्य उभ्या जागीं आडवा होतो. रुंद साधें पॅडल व घरचेच बूट पुरेत.

साठीशांतीची भेट म्हणून काय द्यावें, हा प्रश्न मग उरतो. चिरंजिवांनीं बाबांना सकाळच्या वेळीं, पोट फारसें भरलेलें नसतांना, दुकानांत न्यावें. दोन किंवा तीन सायकली, प्रत्येकी निदान वीस-तीस मिनिटें, खऱ्या रस्त्यावर चालवून पाहूं द्याव्यात. आणि त्या वेळीं आपण शेजारीं उभें राहून सल्ले देऊं नयेत. जो दुकानदार अशी फेरी मारूं देत नाहीं त्याच्याकडून घेऊं नये. जो खोगीर व हँडल अंगास बसवून देतो, हँडलचा पुढचा तुकडा लांब वाटल्यास आंखूड बदलून देतो, आणि ज्याच्याकडे गिअरचें काम जाणणारा कारागीर आहे, त्यानें दोन हजार अधिक सांगितले तरी तेथेंच घ्यावी. रोड बाईका पंचवीस-तीस हजारांपासून मिळतात व वर त्यांस मर्यादा नाहीं. मामंजींच्या कामास येणारी, वर सांगितलेल्या गुणांची सायकल चिरंजिवांच्या निम्म्या रकमेंत सहज बसावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ झाला आहे, तेव्हां जुने भाव सांगणाऱ्यापासून सावध असावें. वांचलेल्या पैशांतून हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, हवेचा दाब दाखविणारा पंप, दोन जास्तीच्या ट्यूबा, चांगलें कुलूप आणि गादी शिवलेली आंखूड विजार घ्यावी. ही शेवटची वस्तु पाहून घरांत थोडा हंशा होईल; दुसऱ्या आठवड्यांत तिचें महत्त्व कळेल.

पत्राच्या तळाशीं सूनबाईंनीं बारीक अक्षरांत एक ओळ घातली आहे कीं, त्यांनाही सायकल चालवावीशी वाटते, आणि मामंजींच्याच सायकलीवर आळीपाळीनें चालेल काय? त्यांची उंची पांच फूट. न चालेल. खोगीर खालीं केल्यानें उंची जुळते, लांबी जुळत नाहीं; हात ताणून बसावें लागतें व ब्रेकपर्यंत बोटें पुरत नाहींत. पांच फुटांच्या स्त्रीस ४४ ते ४८ च्या आंतली फ्रेम लागते, आणि दुकानांत ती बहुधा मांडलेली नसते, सांगून मागवावी लागते. फार लहान फ्रेमला मोठीं चाकें असलीं तर वळतांना पायाचा चवडा पुढच्या चाकास लागूं शकतो. म्हणून कांहीं कारखाने अशा फ्रेमला थोडीं लहान चाकें देतात, त्यांची चौकशी करावी. ब्रेकची मूठ आंत घेण्याचा लहानसा स्क्रू असतो, तोही दुकानदाराकडून फिरवून घ्यावा. मामंजींबरोबर एक सोबत असावी असें सासूबाईंना वाटत असेलच. तेव्हां दुकानांत दोन मापें एकाच फेरींत घेतलेलीं बरीं. माळ्यावरची डबलबार भंगारांत देऊं नये. तिचे टायर अजून सर्वत्र मिळतात, आणि मंडईंतून भाजी आणावयास कॅरियरवाली सायकल नव्या सायकलीपेक्षां सोयीची.

नवी सायकल घरीं आल्यावर महिन्याभरानें ती दुकानांत एकदां परत न्यावयाची असते. नव्या तारा ताणल्या जाऊन गिअर कुरकुर करूं लागतात, चाकांच्या तारा सैल पडतात, ब्रेक खालीं बसतो. हें बिघडणें नव्हे. पहिली दुरुस्ती पुष्कळ दुकानें फुकट करितात. घेतांनाच तसें पावतीवर लिहून घ्यावें.